वेळ मिळाला की कर, म्हणजे कधीच करू नको

 उन्हाळ कांद्याची लागण दीड एकर उरकली, अर्धा एकर बाकी आहे. रोपाचं वय जरा जास्त झालंय, त्यामुळे राहिलेलं याच आठवड्यात लावायचं. थंडी चांगली आहे, हरभऱ्याला मानवली. करपा आणि थ्रिप्सबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय, ते पुढच्या नोंदीत. आज विषय दुसरा आहे, पण तोही शेतातलाच आहे, वाचून बघा.

आमची सुनबाई यंदा बाहेरून दहावीला बसलीय. 17 नंबरचा फॉर्म भरलाय. नववी पास झाल्यावर तिची शाळा सुटली होती, हायस्कूल लांब, घरात धाकटी भावंडं. आता वय 26, पदरात चार वर्षांची मुलगी. गेल्या वर्षी अंगणवाडीच्या मदतनिसाची जागा निघाली तेव्हा ती जाहिरात बघून आली आणि गप्प गप्प होती. मदतनिसाला सुद्धा आता बारावी पास मागतात. मी म्हटलं, मग बारावी कर. ती म्हणाली, आई, आधी दहावी तर होऊ द्या. तिथून हे सुरू झालं.

फॉर्म भरल्याचं कळल्यावर भावकीत सगळ्यांनी कौतुकच केलं. कोणी नावं ठेवली नाहीत, खोटं कशाला सांगू. पण प्रत्येकजण एकच वाक्य बोलला. "चांगलं केलं गं, वेळ मिळेल तसा अभ्यास कर." माझा आजचा सगळा राग या एका वाक्यावर आहे.

वेळ मिळेल तसा! शेतकऱ्याच्या घरात बाईला वेळ मिळतो का? पाचला उठायचं, गोठ्यातलं शेण काढायचं, चार गायींच्या धारा. सातला दूध डेअरीत पोचलं पाहिजे, उशीर झाला की गाडी निघून जाते. मग चहा, भाकरी, कालवण, लेकराची अंघोळ, प्यायचं पाणी, धुणं, भांडी. साडेनऊ-दहाला शेतात. निंदणी असो, लागण असो, काही ना काही असतंच. साडेचारला घरी, चाऱ्याची कुट्टी, परत धारा, सहाला परत दूध, मग चूल. सगळ्यांची जेवणं होऊन भांडी पालथी घालेपर्यंत साडेनऊ. त्यानंतर ती पुस्तक उघडणार, आणि वर्गसमीकरण सोडवणार. तुम्ही दिवसभर कांदा लावून रात्री दहाला एक गणित सोडवून दाखवा, मग बोलू.

हे माझ्या एकटीच्या घरचं रडगाणं नाही. सरकारने 2019 मध्ये पाहणी केली होती, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. त्यात निघालं की घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी 299 मिनिटं घरकामात जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषाची 97 मिनिटं. आणि मुळात पुरुषांमध्ये घरकामाला हात लावणारा चारातला एकच. शेतातलं काम यात धरलेलं नाही, लेकराबाळांचं बघणं पण वेगळं. म्हणजे आमच्यासारख्या घरात आधी पाच तास घराचे, वर शेताचे सात-आठ तास, आणि उरलेल्यात अभ्यास. उरतंय काय?

आपण पाण्याचं कसं करतो ते बघा. पाटाला आवर्तन सुटलं की प्रत्येकाची बारी ठरलेली असते. कोणी म्हणतं का, "वेळ मिळाला की भरून घेईन"? बारी आली की अर्ध्या ताटावरून उठून माणूस फावडं घेऊन पळतो. पाहुणे आलेले असोत, तरी जातो. त्याला कोणी काही म्हणत नाही, कारण पाणी थांबत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. अभ्यासाची बारी लावा एवढंच माझं म्हणणं आहे. ती बारी लागली की घरातल्या बाकीच्यांनी तिच्याभोवती आपली कामं फिरवायची.

आम्ही काय केलं ते सांगते, कोणाच्या उपयोगी पडलं तर पडलं.

आधी घरातल्या कामांची वाटणी केली, माणसांत नव्हे, कामांच्या स्वभावाप्रमाणे. काही कामं थांबत नाहीत. धार, दूध घालणं, चारा, लेकराचं जेवण आणि लाईट असताना मोटार. ती ज्या वेळेची त्या वेळेलाच होणार. काही कामं एक-दोन दिवस थांबली तरी कोणी मरत नाही. धुणं रोज कशाला? आता आमच्यात एक दिवसाआड निघतं. अंगण दोनदा झाडायचो, आता एकदा. आणि काही कामं अशी आहेत की ती कोणासाठी करतोय तेच कळत नाही. दोन्ही वेळेला ताजीच भाकरी हवी, हा असलाच एक नियम. सकाळच्या भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवल्या की संध्याकाळी चालतात. आमच्या घरच्यांनी पहिले आठ दिवस तोंड वाकडं केलं, मग दुधात कुस्करून खायला लागले. आता तर म्हणतात अशीच बरी लागते.

एवढ्यानंच दिवसाचा तास-सव्वा तास मोकळा झाला. कोणावर उपकार नाही, कोणाला जास्तीचं काम नाही.

राहिलेला वेळ मात्र माणसांकडूनच काढावा लागला. मुलगा सकाळची धार काढायला लागला. त्याला येत होती आधीपासून, लहानपणी काढायचाच. लग्न झाल्यावर विसरला होता. घरच्यांकडे नातीला अंगणवाडीत सोडणं-आणणं आणि संध्याकाळी डेअरीत दूध घालणं. माझ्याकडे दुपारचं कालवण आणि शेतावर भाकर नेणं.

आता वेळापत्रक. इथे शहरातली माणसं जे सांगतात ते आपल्याला लागू पडत नाही. ते म्हणतात रोज ठरलेल्या वेळेला बसा. आमच्या फिडरला एक आठवडा थ्री फेज दिवसा असते, एक आठवडा रात्री. रातपाळीच्या आठवड्यात मुलगा रात्री दहाला बॅटरी घेऊन जातो आणि सकाळी सहानंतर घरी येतो, मग अकरापर्यंत झोपतो. त्या आठवड्यात सकाळची धार परत सुनेवरच येते, सकाळी शेतातही आम्हा दोघींनाच बघावं लागतं. म्हणून आमच्याकडे एक वेळापत्रक नाही, दोन आहेत. कॅलेंडरच्या मागे पेनानं लिहून लावलीत.

दिवसपाळीच्या आठवड्यात तिची बारी सकाळी साडेदहा ते साडेबारा. नात अंगणवाडीत असते, घर शांत असतं, डोकं ताजं असतं. त्यात गणित आणि विज्ञान. रातपाळीच्या आठवड्यात बारी दुपारी दोन ते चार. जेवण झालेलं, अंग आंबलेलं, डोळे मिटायला लागतात. तेव्हा भूमिती डोक्यात शिरत नाही. म्हणून त्यात मराठी, हिंदी, इतिहास, भूगोल. इंग्रजी दोन्ही आठवड्यांत थोडं थोडं, कारण तेच तिला सगळ्यात जड जातंय. आणि रातपाळीच्या आठवड्यातही रोज एक तरी गणित सोडवायचंच, नाहीतर हात बसलेला सुटतो. रविवारी एक तास जास्त, आठवड्यात काय राहिलं ते बघायला.

रात्रीचा अभ्यास आम्ही ठरवून ठेवलाच नाही. वस्तीवर थ्री फेज गेल्यावर सिंगल फेजवर एक दिवा जेमतेम पेटतो, हे एक कारण. दुसरं म्हणजे थकलेल्या माणसानं पुस्तकासमोर बसणं आणि अभ्यास करणं यात फरक आहे. बसल्याचं समाधान मिळतं फक्त. डोळ्यावर झोप घेऊन तीच ओळ पाच वेळा वाचायची, आणि परत सकाळी पाचला उठायचं. पाठ्यपुस्तकांचं विचाराल तर बालभारतीची सगळी पुस्तकं मोबाईलवर फुकट मिळतात, पण गणित-विज्ञानाची आम्ही छापील घेतली. मोबाईलवर बघून गणित सोडवायचं तर एकीकडे नात मोबाईल ओढते, दुसरीकडे कोणाचा तरी फोन येतो.

गणित शिकवायला शेजारच्या वस्तीवरची बारावीतली पोर येते, बुधवारी आणि रविवारी. पैसे घेत नाही, बदल्यात तिच्या घरी रोज अर्धा लिटर दूध. बीजगणिताचे सहा धडे आहेत, त्यातला अर्थनियोजनाचा धडा सुनेला सगळ्यात लवकर कळला. त्यात जीएसटी आहे. आम्ही फवारणीच्या औषधाच्या पावत्या काढून दिल्या, त्यावर 18 टक्के लावलेलेच असतात. तिनं पावत्या तपासल्या. आता दुकानातून आलेली प्रत्येक पावती आधी तिच्याकडे जाते!

मधल्या काळात मोबाईलवर एक फोटो फिरत होता, तुम्हीही बघितला असेल तसला. बाई चुलीपुढे बसलीय, एका हाताने भाकरी थापतेय, मांडीवर लेकरू, समोर पुस्तक उघडं. खाली लोकांनी सलाम ठोकलेले, जिद्द म्हणे, नारीशक्ती म्हणे. मला असला फोटो बघवत नाही. त्या घरात दुसरं माणूस नव्हतं का लेकरू घ्यायला? फोटो काढणारा तर होता ना तिथे! त्याचे दोन्ही हात मोकळेच होते. भाकरी थापताना पाठांतर होत नसतं, भाकरी करपते नाहीतर धडा विसरतो. बाईची जिद्द बघून टाळ्या वाजवणं फार स्वस्त पडतं, त्यापेक्षा तवा उतरवून ठेवा.

हां, काही गोष्टी काम करता करता होतात, ते नाकारत नाही. इतिहासाचे धडे मुलाने वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करून दिलेत. ती संध्याकाळची धार काढताना ते ऐकते. त्याचं वाचन अडखळत चालतं, मधेच बैल हंबरतो, पण धडा कानावरून जातो. दोनदा ऐकलं की दुपारी वाचताना सोपं पडतं. पण ही ऐकीव गोष्ट झाली, बारीचे दोन तास त्यात मोजायचे नाहीत.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा तुम्ही ऐकली असेल. 8 मार्च 2016 ला सुरू झाली, साठ-सत्तरीच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून पाटी घेऊन जातात. लोक साडीचंच बोलतात. मला त्यातली वेळ आवडली. दुपारी दोन ते चार. बायांची कामं आवरतात ती वेळ धरून शाळा ठेवली, शाळेच्या वेळेला बायांनी पळत यावं असं केलं नाही. ज्यानं ती वेळ ठरवली त्याला बायांचा दिवस माहीत होता. पण मी असंही म्हणेन की अक्षरओळखीला दुपार चालते, सही करायला शिकायला चालते. 80 गुणांचा पेपर लिहायचा तर बाईच्या दिवसातला उरलेला तुकडा पुरत नाही. तिच्या दिवसातला चांगला तुकडा द्यावा लागतो, आणि तो दिला की घराला कुठेतरी टोचतंच.

टोचतं ते किती, याचा हिशोब मी मांडलाय, कारण जावेनं तोंडावर विचारलं. म्हणाली, "लागणीला बाया मिळत नाहीत, आणि घरची बाई पुस्तक घेऊन बसते, परवडतं का तुम्हाला?" प्रश्न चुकीचा नाही. त्याला चिडून उत्तर देण्यात अर्थ नाही. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सण, लग्न, आजारपण सोडून 120 दिवस धरा. दिवसाचे दोन तास म्हणजे 240 तास. आठ तासांचा एक रोज धरला तर 30 रोज. आमच्याकडे बाईचा रोज 300 रुपये चालू आहे. म्हणजे 9,000 रुपये. फॉर्मची फी, पुस्तकं, केंद्रावर जायचं-यायचं भाडं वेगळं. म्हणजे फुकट नाही, खर्च आहे, आणि तो घराने करायचाय. पण 9,000 रुपयांत होतं काय? कांद्याच्या एका फवारणीत चूक झाली तर यापेक्षा जास्त जातात, आणि त्याबद्दल घरात कोणी कोणाला वर्षभर ऐकवत नाही. आपण पोरांच्या क्लासला याहून कितीतरी जास्त भरतो. मग सुनेच्या वेळी रोज मोजायला का बसायचं? मोजायचंच असेल तर असं सगळं मोजा, मग बोला.

लागणीचा प्रश्न मात्र खरा होता. जानेवारीत मजुरांची टोळी येते ती आपल्या सवडीनं येत नाही. तिने सांगितलं उद्या येतो, की सगळं घर वाफ्यात. पहिल्या दिवशी सुनबाई म्हणाली, आई, आठ दिवस पुस्तक बंद ठेवते, नंतर भरून काढीन. मी नाही म्हटलं. पाण्याची बारी सुद्धा आपण शेजाऱ्याशी बदलून घेतो, पण सोडून देत नाही. आठ दिवस तिची बारी पहाटे पाच ते साडेसहा केली. गोठ्यातलं सगळं मुलाकडे, चहा-भाकरी माझ्याकडे. दीडच तास, पण बंद नाही. आमचा नियम एवढाच आहे, वेळ बदलायची तर आदल्या रात्री जेवताना सगळ्यांसमोर बदलायची. सकाळी उठून "आज राहू दे" म्हणायचं नाही, मीही नाही आणि तिनेही नाही. कारण सकाळी काहीतरी कारण असतंच. गाय माजावर येते, पाहुणा येतो, पाइप फुटतो.

पाहुण्यांवरून आठवलं. बारीच्या वेळेला कोणी आलं तर चहा मी करते, नाहीतर आमचे हे करतात. यांनी चहा ठेवलेला बघून एक दूरचे मामा जरा अवघडले होते. चहा मात्र दोन कप प्याले.

कोणी म्हणतं शिकून सून शेती सोडेल. सोडू दे की. माझा मुलगा दहावी पास आहे आणि शेतीच करतोय, शिक्षणानं कोणी वावरातून उडून जात नाही. आणि समजा तिला अंगणवाडीत काम मिळालं, महिन्याला ठरलेले पैसे घरात आले, तर कांद्याचा भाव पडलेल्या वर्षी ते कोणाला नको असतील?

अभ्यास कुठवर आलाय असं विचाराल तर मराठी, हिंदी, समाजशास्त्र बऱ्यापैकी. विज्ञान भाग दोनचे दोन धडे राहिलेत. भूमितीत वर्तुळ अजून गोल गोलच फिरतंय. इंग्रजीचं सांगता येत नाही. एखादा विषय गेला तर जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते, तेव्हा खरिपाची पेरणी चालू असेल, पण तेव्हाही बारी लावू. पूर्वी दहावी मार्चमध्ये असायची, आमच्या वेळी तशीच होती, गहू काढायच्या सुमारास. आता फेब्रुवारीतच सुरू होते, आणि आमचा थोडा रांगडा कांदा नेमका त्याच दिवसांत काढायला येतोय. त्यामुळे पेपरच्या दिवसांची वाटणी आत्ताच कॅलेंडरच्या मागे तिसरी यादी करून लावलीय. दोन्ही धारा मुलाकडे. काढणी ठोक्यानं दिलीय, घरातलं कोणी वाफ्यात जाणार नाही. नात दिवसभर आजोबांकडे. केंद्र बारा किलोमीटर आहे, मोटरसायकलवर मुलगा नेईल, आणि त्या आठवड्यात रातपाळी आली तर पाण्याला पुतण्या जाईल, तसं त्यानं कबूल केलंय. कांद्याच्या मानी कापायला मी आहेच, पण इंग्रजीच्या पेपराला केंद्राबाहेर मी थांबणार आहे, ते मी स्वतःच्या नावावर लिहून घेतलंय.